सतरावी हिरवी वायर

१

वर्षातून एकदा त्या चार मजली इमारतीच्या जिन्याच्या तोंडाशी एक चिठ्ठी लागायची: सकाळी दहा ते बारा अर्थिंगची तपासणी, मधे लाइट बंद राहील. सोळा बिऱ्हाडं ती वाचून नाकं मुरडायची आणि नेमकं त्याच दिवशी विसरून कुणीतरी लिफ्टमध्ये जाऊन उभं राहायचं. अर्थिंग म्हणजे काय हे त्यातल्या चौदा बिऱ्हाडांना माहीत नव्हतं आणि उरलेल्या दोघांना चुकीचं माहीत होतं.

वायरमनला त्याचं काही वाटायचं नाही. इमारत उभी राहिली तेव्हा तिच्यातली पहिली वायर त्याने ओढली होती, त्याला चौदा वर्षं झाली. भिंतीत कुठून काय गेलंय ते त्याला नकाशा न बघता सांगता यायचं. लोक त्याला अर्थिंगकाका म्हणत, कारण पंखा बसवायला बोलवा नाहीतर बेल दुरुस्त करायला, हा माणूस आधी गुडघ्यावर बसून सॉकेटचं तिसरं, मोठं भोक तपासायचा. मुलीसाठी स्थळ बघायला गेला तेव्हाही त्याने मुलाच्या आधी मुलाच्या स्वयंपाकघरातलं सॉकेट बघितलं होतं. जावई अजून ती गोष्ट चारचौघांत रंगवून सांगतो.

"करंटला जमिनीत जायचं असतं," तो ज्याला त्याला सांगायचा. "त्याला वाट द्या, म्हणजे तो तुमच्या वाटेला जाणार नाही. वाट नाही मिळाली तर माणसातून काढतो. पण जातो. राहत नाही."

तर त्या सकाळी तो नेहमीप्रमाणे आला. इमारतीच्या मागच्या बाजूला, अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण काढून त्याने आत दोन बादल्या पाणी ओतलं. कोळसा आणि मीठ घातलेली ती माती कोरडी राहिली तर करंट घेत नाही. पाणी आत झिरपेपर्यंत तो तिथेच उकिडवा बसला. शेजारी इमारतीची देखरेख बघणारे निवृत्त गृहस्थ हातात पुठ्ठा आणि कागद घेऊन उभे होते. त्यांना सगळे मागून तपशील म्हणत, कारण त्यांना कशाचंही अर्धं उत्तर चालत नसे.

"दोनच बादल्या का?" तपशीलांनी विचारलं.

"तिसरी वाहून जाते," वायरमन म्हणाला.

तपशीलांनी ते लिहून घेतलं.

२

मीटरची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. आत दिवा, सोळा मीटर, एक मोठा मेन स्विच आणि खाली, घोट्याच्या उंचीवर, भिंतीला ठोकलेली हातभर लांबीची तांब्याची पट्टी. प्रत्येक घरातून एक हिरवी वायर डक्टमधून खाली येते आणि या पट्टीवर नटाने आवळली जाते. पट्टीतून पुढे एक जाड सळई खड्ड्यात जाते. एवढाच सगळा कारभार. प्रत्येक हिरव्या वायरीच्या गळ्यात त्याने स्वतः नंबराचं कडं घातलं होतं.

तो खाली बसला आणि सवयीने उजव्या हाताची पाठ एकेका वायरीला लावत गेला. तळहात नाही, पाठ.

"असं उलट्या हाताने का हो?" तपशीलांनी दारातून विचारलं. हा प्रश्न ते दरवर्षी विचारत.

"तळहात लावला आणि करंट असला तर बोटं मिटतात. मग मूठ सुटत नाही. पाठ लावली तर हात झटकला जातो."

"बरोबर. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात."

तो मोजत होता. चौदा, पंधरा, सोळा. त्याचा हात आणखी एका वायरीला लागला.

त्याने परत पहिल्यापासून मोजलं. मग चष्मा लावून मोजलं. मग कडी वाचत मोजलं: एक ते सोळा सगळी होती, आणि पट्टीच्या टोकाला, शेवटच्या नटाखाली, एक हिरवी वायर बिनकड्याची होती. इतरांपेक्षा तिचा रंग उडालेला होता. नट मात्र साफ होता, नेहमी हात लागणारी वस्तू असते तसा.

"सोळा घरं आहेत ना आपली?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय. सोळाच."

"इथे सतरा वायरी आहेत."

"हो," तपशील सहज म्हणाले. "सतराच असतात की."

वायरमनने मान वर केली. तपशीलांनी पुठ्ठ्याखालचे जुने कागद काढून त्याच्या हातात दिले. गेल्या वर्षीचा, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा. अर्थिंगच्या वायरींची संख्या: सतरा. आकड्यातल्या सातला मधून आडवी रेघ मारायची खोड त्याचीच होती. अक्षर त्याचं, सही त्याची. चार वर्षांपूर्वीच्या कागदावर सतरा होतं, त्याच्या आधीच्या सगळ्यांवर सोळा.

चार वर्षांपूर्वी त्याची मुलगी या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली होती.

आपण हे लिहिल्याचं त्याला आठवेना. वर्षातून एकदाचं काम, दहा इमारतींचे दहा कागद, कुठे लक्ष राहतं, असं त्याने मनाला समजावलं. मन समजल्यासारखं गप्प बसलं.

३

हिरव्या वायरीत करंट नसतो. नसायलाच हवा. ती रिकामी ठेवलेली वाट असते, काही बिघडलं तर वापरायची. म्हणून त्याने पिशवीतून क्लॅम्प मीटर काढला. हा मीटर चिमट्यासारखा उघडतो, वायरीला नुसता कवेत घेतो आणि आतून किती करंट वाहतोय ते सांगतो. पहिल्या वायरीवर शून्य. दुसरीवर शून्य. सोळाव्या वायरीपर्यंत शून्याच्या आसपास.

सतरावीवर तीन पूर्णांक दोन.

तो आकड्याकडे बघत राहिला. आकडा एकदम शून्य झाला. साधारण मिनिटभराने पुन्हा तीन पूर्णांक दोन. मग शून्य.

चाळीस वर्षं ज्याने हेच केलंय त्याला आकड्यांवरून घर दिसतं. फ्रिज कसा घुरघुरत चढतो, पाण्याचा पंप सुरू होताना कशी उडी मारतो, हे त्याला कळायचं. आणि हे काय आहे तेही त्याला कळलं. तापली की तुटते, निवली की लागते. तीन पूर्णांक दोन म्हणजे जुनी, जड, साडेसातशे वॅटची. कुणीतरी इस्त्री करत होतं.

"चोरी," तो मोठ्याने म्हणाला. असं करणारे महाभाग असतात. एक टोक नीट घेतात आणि परतीचं टोक अर्थिंगवर टाकतात, म्हणजे मीटरला कळत नाही. "कुणीतरी लबाडी केलीय, साहेब. शोधून काढू."

तपशीलांना हुरूप आला. वायरमन एकेका घराचा स्विच खाली ओढत गेला आणि प्रत्येक वेळी वाकून मीटर बघत गेला. पहिलं घर बंद, इस्त्री चालू. पाचवं बंद, इस्त्री चालू. अकरावं घर मुलीचं. तो थोडा थांबला, मग तेही बंद केलं. इस्त्री चालू. सोळावं बंद झालं तेव्हा वरून कुणीतरी "अहो, दहा मिनिटं तरी सांगायचं ना" म्हणून ओरडलं. शेवटी त्याने मेनचा मोठा दांडा दोन्ही हातांनी खाली खेचला.

दिवा गेला. लिफ्ट, पंप, पंखे, सगळ्यांचा मिळून जो एक आवाज इमारतीला असतो आणि जो गेल्याशिवाय ऐकू येत नाही, तो गेला. दारातून जिन्यावरचा उजेड तेवढा आत येत होता. मीटर स्वतःच्या बॅटरीवर होता. त्याची हिरवी काच चमकत होती.

शून्य. शून्य. मग तीन पूर्णांक दोन.

शेजारच्या इमारतीतून मातीतून येत असेल, त्याने विचार केला. ओली माती, त्यात आपण आत्ताच पाणी ओतलेलं, असं होतं कधीकधी. पण मातीतून येणारा करंट सगळ्या वायरींत वाटला जातो. एकाच वायरीने येऊन, मिनिटभर थांबून, बाही उलटवून परत येत नाही.

"सापडला का चोर?" तपशीलांनी विचारलं.

"वर बघून येतो," तो म्हणाला.

४

डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत गेलेली एक अरुंद उभी पोकळी, सगळ्या वायरी तिच्यातूनच वर जातात. प्रत्येक मजल्यावर तिला लोखंडी दार आहे. त्याने पहिल्या मजल्यावर दार उघडून टॉर्च मारला: रंग उडालेली वायर होती. दुसऱ्या मजल्यावरही होती. चौथ्यावर आधी जाऊन बघितलं, तर तिथे नव्हती. म्हणजे तिसऱ्यावर कुठेतरी वळली होती. त्याला हे आधीच माहीत असल्यासारखं वाटलं, म्हणूनच तो आधी चौथ्यावर गेला होता.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा समोरच, छातीच्या उंचीवर, तो जोड दिसला.

हिरवी वायर तिथे संपत होती आणि पुढे वीतभर काळी वायर जोडली होती. काळीवर हिरवी टेप गुंडाळून तिला हिरवं केलेलं होतं. आणि टेपचं टोक दुमडून छोटी शेपटी ठेवलेली होती, पुढच्याला नखाने उलगडता यावी म्हणून. ही शेपटी ठेवणारा वायरमन या धंद्यात त्याने दुसरा पाहिला नव्हता.

हा जोड त्याने केला होता. या इमारतीत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी, एका भाड्याच्या दोन खोल्यांत, भर दुपारी.

त्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी राहत. बायको रोज अकराच्या सुमाराला, स्वयंपाक उरकला की, टेबलावर घोंगडी पसरून इस्त्री करायला उभी राहायची. त्याचे कामाचे पाच निळे शर्ट. इस्त्रीला हात लावला की मुंग्या येतात, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने रविवारी बसून तीन भोकांचं नवं सॉकेट लावून दिलं. हिरवी वायर संपली होती. तिसऱ्या भोकाच्या मागे काहीच जोडलं नव्हतं, ते नुसतं भोक होतं. "आता काळजी नाही," तो बायकोला म्हणाला, आणि मनात म्हणाला, उद्या ओढतो. उद्या दुसऱ्यांच्या घरची कामं होती. असे पाच महिने गेले.

मग एका दुपारी तो जेवायला घरी आला. इस्त्रीच्या मुठीचं लाकूड निघालं होतं, म्हणून तिने त्यावर फडकं गुंडाळलं होतं, आणि शर्टावर पाणी मारता मारता ते फडकं ओलं झालं होतं. स्विच बंद केल्यावरही तिची मूठ सोडवायला त्याला वेळ लागला. शेजाऱ्यांना हाक मारण्याआधी, डॉक्टर येण्याआधी, त्याने पिशवी उघडली. जवळ होता तो हिरवा तुकडा, तो पुरला नाही म्हणून पुढे काळा, त्यावर हिरवी टेप. सॉकेटपासून पाण्याच्या नळापर्यंत. तेवढ्या घाईतही शेपटी ठेवली. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. मुलीलाही तेच सांगितलं, आणि ते इतकी वर्षं टिकलं.

ते घर पुढे पाडलं. पाडताना तो रस्त्यावर उभा राहून बघत होता. ती वायर ढिगाऱ्यात गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

५

"बाबा, लाइट कधी येणार?"

मुलगी दार उघडून बाहेर आली होती. गळ्यात मोजपट्टी, दातात दोन टाचण्या. ती घरीच शिवणकाम करायची.

"येईल. तुझ्याकडे सगळं ठीक ना? नळाला मुंग्या वगैरे?"

"नाही हो. आत तर या, घामाघूम झालाय."

तो आत गेला. शिवणाच्या खोलीत मशीन, कापडांचे गठ्ठे आणि डक्टच्या भिंतीला लावलेलं इस्त्रीचं टेबल होतं. टेबलावर अर्धा झालेला पडदा आणि उभी ठेवलेली तिची नवी, हलकी इस्त्री. इस्त्रीची पिन त्याने डोळ्यांनीच तपासली.

"ही भिंत बघा," मुलगी म्हणाली. "हात लावा. रोज अकराला तापते."

त्याने हाताची पाठ लावली. भिंत कोमट होती. अंगात ताप असलेल्या माणसाचं कपाळ लागतं तितकी.

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही मग अख्खी भिंत फोडली असती." ती हसली. "आणि वास येतो. ओल्या कापडावर इस्त्री फिरवली की येतो ना, तसा. मी आपली मशीन बंद करून बसते थोडा वेळ. आई करायची तेव्हा यायचा तोच वास आहे. शेजारचं कुणी करत असेल, मला ठाऊक आहे. पण सोबत वाटते."

भिंतीच्या आत बारीकसा आवाज झाला, टक. इस्त्री निवली की आतली पट्टी परत चिकटते, तो आवाज. वर्षानुवर्षं तो आवाज त्याने दुसऱ्या खोलीतून, पेपर वाचता वाचता ऐकला होता.

"ऐकलंत?" मुलगी हळूच म्हणाली. "बाबा, आईला आधी कधी छातीत दुखलं होतं का हो? डॉक्टर मला विचारतात, घरात कुणाला होतं का म्हणून. मी दर वेळी हो सांगते."

"मी खालचं आटपून येतो," तो म्हणाला. "तू पडद्याचं बघ."

६

डक्टचं दार उघडंच होतं. जोडाच्या पुढे काळी वायर भिंतीतल्या एका भोकात शिरत होती. भोक अंगठ्याएवढं. पलीकडे मुलीची शिवणाची खोली, मधे फक्त वीतभर जाडीची भिंत. त्या बाजूला आत्ताच पाहिलेला सपाट गिलावा, भोक नाही. म्हणजे वायर विटेत कुठेतरी संपत असणार. टॉर्च लावून बघितलं की झालं, उगीच काहीतरी मनात घ्यायचं नाही.

त्याने टॉर्च भोकाशी धरला आणि एक डोळा मिटला.

भोक वीतभर नव्हतं. उजेड बराच आत गेला आणि एका टेबलाच्या कोपऱ्यावर पडला. टेबलावर घोंगडी होती, घोंगडीला इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा तपकिरी डाग होता. तो डाग कुणाकडून पडला आणि त्यावरून किती दिवस अबोला होता, हे त्याला माहीत होतं. डागावर एका निळ्या शर्टाची बाही पसरलेली होती. मागे भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट.

बाही हळूहळू ताणली गेली, कुणीतरी दुसऱ्या हाताने सुरकुती काढावी तशी. हात दिसला नाही. तेवढा कोन भोकातून मिळत नव्हता.

तो मागे सरला तेव्हा त्याची पाठ जिन्याच्या कठड्याला आपटली.

साखर कमी झाली असेल. सकाळपासून पोटात काही नाही. चष्म्याचा नंबर बदलायला झालाय. ही सगळी कारणं त्याने एकेक करून तपासली, घरांचे स्विच तपासले तशी, आणि सगळी बंद केल्यावरही ती बाही डोळ्यांपुढून जाईना. त्याला भीती वाटत होती, पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते त्याला स्वतःलाही कबूल करवत नव्हतं. तो जोड तिथे लोंबत होता. उद्या कुणीही दार उघडेल, कुणीही विचारेल हा जोड कुणाचा. मुलगी टेप नखाने उलगडू शकते, तिला शेपटी ठेवायला त्यानेच शिकवलं होतं.

ही वायर गेली पाहिजे, एवढंच त्याच्या मनात आलं.

७

धंद्याचा एक नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला त्याने आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या: अर्थिंगची वायर कुठून येते हे कळल्याशिवाय ती सोडायची नाही. ती काय वाहून नेतेय हे माहीत नसतं, आणि सोडली तर ते दुसरीकडून जाणार.

खाली मीटरच्या खोलीत तपशील पुठ्ठा घेऊन वाट बघत होते. मेन बंदच होता.

"सापडलं?"

"जुनी, बिनकामाची वायर आहे. काढून टाकतो. कागदावर सोळा लिहा."

"खात्री आहे ना?"

"लिहा म्हटलं ना, सोळा."

त्याने पाना लावला. नट फारसा आवळलेला नव्हता. शेवटचा आटा सुटला आणि वायरीचं टोक पट्टीवरून निघालं. निघालं ते लोंबलं नाही. डक्टच्या नळीतून वर कुणीतरी खेचल्यासारखं हातभर वर सरकलं आणि थांबलं. नट त्याच्या बोटांतून निसटून पॅनेलखाली घरंगळला.

त्याने मीटर पट्टीतून खाली जाणाऱ्या सळईला लावला. शून्य. दोन मिनिटं थांबला. शून्य. इमारत शांत होती. त्याने निःश्वास टाकला, आणि तो निःश्वास एकोणीस वर्षांचा होता.

खिशातला फोन वाजला.

"बाबा, लाइट आली का?" मुलगी म्हणाली.

"नाही. का?"

"मग माझी इस्त्री कशी तापतेय?"

त्याने फोन कानाशी घट्ट दाबला.

"पडद्यावर आडवी पडलीय. मी उभी ठेवली होती. कापडातून धूर येतोय. थांबा, उचलते आधी..."

"हात लावू नकोस!"

"अहो, पडदा जळेल. दुसऱ्यांचा आहे."

"जळू दे. मागे सर. भिंतीला टेकू नकोस, नळाला लावू नकोस, कशालाच हात लावू नकोस. पिन काढायलाही नाही. ऐकतेस ना?"

"बाबा, पिन काढलेलीच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "वायर गुंडाळून ठेवलीय. आणि... बाबा, माझ्या पायांना मुंग्या येतायत. फरशीतून."

८

नट शोधायला वेळ नव्हता, आणि नट असून उपयोगही नव्हता. वायरीचं टोक पट्टीपासून हातभर वर होतं. पिशवी बाहेर, जिन्यावर राहिली होती. चाळीस वर्षांच्या कामात त्याने जे एकदाही केलं नव्हतं ते त्याने केलं. फोन जमिनीवर ठेवला, उजवा तळहात पट्टीवर टेकला, आणि डाव्या हाताने वायरीचं उघडं टोक तळहातात धरलं.

झटका बसला नाही. बोटं मिटली. आधी त्याला वाटलं आपणच मिटली. मग डाव्या मुठीत त्याला ऊब लागली, वायरीची नाही, गरम कापडं घडी करून ठेवणाऱ्या हाताला असते ती. ती ऊब दंडातून वर आली, छातीतून गेली आणि उजव्या हाताने खाली पट्टीत उतरली. मधे टक असा आवाज झाला. ती गेली. मग परत आली.

"बाबा?" फोन जमिनीवरून म्हणाला. "निवली. इस्त्री निवली. मुंग्या पण गेल्या."

"बरं," तो म्हणाला. आणि मग, थांबलो तर परत कधी बोलणार नाही हे ओळखून, बोलतच गेला. "तुझ्या आईला हृदयाचं काही नव्हतं. तू डॉक्टरांना हो सांगू नकोस. घरच्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं. तिसरं भोक रिकामं होतं, मी जोडलंच नव्हतं. तिला मी सांगितलं होतं, आता काळजी नाही. आणि नंतर, कुणी यायच्या आधी, मी वायर जोडून ठेवली."

मग जिन्यावर तिच्या चपला वाजू लागल्या.

तपशील दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि कधी नव्हे ते काही विचारलं नाही. वायरमनने सांगितलं तसे रबरी मोजे त्यांनी हातात चढवले, पिशवीतून हिरव्या वायरीचा तुकडा काढला, एक बाजू मुठीच्या वरच्या तारेला पिळली आणि दुसरी पट्टीवर, शोधून काढलेल्या नटाखाली आवळली. गबाळं काम होतं, पण वाट झाली होती.

"झालं," तपशील म्हणाले. "सोडा आता."

त्याने प्रयत्न केला. दोन्ही हातांची बोटं पांढरी पडली होती.

"सुटत नाही," तो म्हणाला.

"अहो, पण लाइट बंद आहे."

"हो. बंद आहे."

मुलगी दाराशी येऊन थांबली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. तिने वायर बघितली, त्याची डावी मूठ बघितली, मग खाली क्लॅम्प मीटरकडे बघितलं. तीन पूर्णांक दोन. तिच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं ते त्याला कळेना. तिला जवळ बोलवावंसं वाटलं.

"मला हात लावू नकोस," तो म्हणाला.

"नाही लावत."

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, त्याच्यापासून चार पावलांवर बसली. मीटर शून्यावर आला. मिनिटभराने पुन्हा चढला. वरच्या मजल्यांवर लोक लाइटची वाट बघत एकमेकांशी बोलत होते.

"पाच शर्ट असायचे ना रोज?" तिने विचारलं.

"पाच."

"मग पाच झाले की आई सोडेल."

त्याने मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. तिने मान वर करून पुन्हा विचारलं, हळू, तिच्या आईसारखंच. "त्या दिवशी किती झाले होते, बाबा?"

"दोन," तो म्हणाला. "तिसऱ्याची एक बाही राहिली होती."

मीटर पुन्हा चढला, आणि दोघंही आकड्याकडे बघत बसले.